आयडरश्टेटच्या हाउबार्गमध्ये आठ दिवस: ट्योनिंग बंदराजवळचं जुनं शेतघर

खारावारा | रविवार, रात्री ९:१०

उत्तर जर्मनीत सुट्टीला कुठे राहावं यावर इथे बरेच धागे आहेत. हाउबार्गबद्दल मात्र कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही चौघं एका हाउबार्गमध्ये आठ दिवस राहून आलो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. ट्योनिंगचं बंदर तिथून सायकलनं वीस मिनिटांवर.

आधी जागेबद्दल. आयडरश्टेट हे श्लेस्विग-होल्श्टाइनच्या पश्चिम किनाऱ्यावरून उत्तर समुद्रात घुसलेलं द्वीपकल्प आहे. दक्षिणेला आयडर नदीचं मुख आणि ट्योनिंग, ईशान्येला हूझुम. पूर्वी इथे आयडरश्टेट, एव्हरशोप आणि उटहोल्म असे तीन वेगळे बेटासारखे तुकडे होते. माणसांनी पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घालून ते एकमेकांना आणि मुख्य भूमीला जोडले. त्यामुळे जमीन तव्यासारखी सपाट, मधून पाण्याचे चर, चरांच्या मध्ये कुरणं, कुरणांत गाई आणि मेंढ्या. अशा सपाटीवर लांबून एक टेकडी दिसते. जवळ गेल्यावर कळतं, ते छप्पर आहे.

हाउबार्ग म्हणजे एकाच छपराखाली अख्खी शेती. माणसांच्या खोल्या, गाईंचा गोठा, घोड्यांचा तबेला, खळं आणि या सगळ्याच्या मधोमध गवताची गंज. नावाचा अर्थही तोच सांगतात: हाउ म्हणजे वाळलेलं गवत, बार्ग म्हणजे सांभाळून ठेवणं. मधल्या जागेला फीरकांट म्हणतात, म्हणजे चौकोन. त्याच्या कोपऱ्यांवर चार प्रचंड खांब असतात, मोठ्या घरांत सहा किंवा आठ. छपराचा मुख्य भार या खांबांवर. बाहेरच्या विटांच्या भिंती ठेंगण्या, आडोशापुरत्या. समुद्रानं बांध फोडला आणि लाटांनी भिंती पाडल्या तरी खांबांवरचं छप्पर आणि त्याखालचं गवत जागच्या जागी राहावं, असा तो हिशेब.

हे मी आधी वाचलं होतं. पण पहिल्या संध्याकाळी मालकीणबाई आम्हाला विजेरी घेऊन फीरकांटमध्ये घेऊन गेल्या तेव्हा ते खरं समजलं. आत गवत नाही आता, रिकामी जागा आहे. वर बघितलं तर विजेरीचा झोत आढ्यापर्यंत जाता जाता विरत होता. लेकीनं एका खांबाला मिठी मारली, तिचे हात एकमेकांना पोचले नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई १९६२ च्या फेब्रुवारीतल्या त्या वादळाच्या रात्री इथेच बसून होत्या, गुरं सोडून ठेवली होती, पोरांना या माळ्यावर चढवलं होतं. पाणी घरापर्यंत आलं नाही. पण येईल असं धरून ती सगळी रात्र त्यांनी काढली. माझ्या सासूबाईंना मी मराठीत सांगत होते, त्या ऐकता ऐकता खांबाशी गेल्या आणि हात टेकवून उभ्या राहिल्या.

पहिले तीन दिवस आम्ही फार धावलो. सांक्ट पेटर-ओर्डिंगची पुळण, वेस्टरहेफरचा दीपस्तंभ, हूझुम. चौथ्या दिवशी पाऊस लागला आणि घरात राहणं भाग पडलं, आणि तोच दिवस सगळ्यांच्या मनात राहिला. पेझेल म्हणजे तिथली बैठकीची चांगली खोली. तिथे भिंतीवर निळ्या-पांढऱ्या डच फरशा आहेत, प्रत्येकीवर वेगळं चित्र. लेकीनं दुपारभर त्या फरशांवरची गलबतं मोजली. भिंतीतून आत आलेली एक लोखंडी शेगडी आहे. तिच्यात लाकडं घालायचं तोंड पलीकडे स्वयंपाकघरात, त्यामुळे बसायच्या खोलीत ऊब येते आणि धूर येत नाही. झोपायला भिंतीतलं कपाटासारखं अंथरूणही आहे, दारं लावून घ्यायचं. लेक तिथेच झोपली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: हाउबार्गमध्ये रात्रीपुरतं टेकायला जाऊ नका. त्या घरासाठी जा, आणि निदान दोन दिवस त्याला द्या. कुणी आणखी अशा घरांत राहिलं असेल तर जरूर लिहा.

पाणकोंबडी | रविवार, रात्री १०:०२

ताई, किती छान लिहिलंत! आईला घेऊन ऑक्टोबरात कुठेतरी जायचं चाललंय. तिचे गुडघे अगदीच गेलेत. तुमच्या सासूबाईंना जिने चढावे लागले का? आणि खर्चाचं गणित कसं असतं तेही सांगाल का?

खारावारा | रविवार, रात्री १०:४५

जिना एकही नाही. आमची सदनिका जुन्या गोठ्याच्या जागी केलेली होती, सगळं तळमजल्यावर. बऱ्याच हाउबार्गांमध्ये असंच केलेलं असतं, कारण गोठा बाजूला असतो आणि मधला फीरकांट मोकळा ठेवता येतो. आईंना दोन गोष्टींचा त्रास होऊ शकतो. दारं बुटकी आहेत, माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवशी कपाळावर टेंगूळ आलं. आणि उंबरे उंच आहेत. न्हाणीघर नवं होतं, आत धरायला दांडाही होता, पण तो प्रत्येक ठिकाणी असेल असं नाही. आरक्षण करण्याआधी फोन करून उंबरे किती आणि न्हाणीघरात पायरी आहे का, हे दोन्ही विचारा. मालक मंडळी बहुतेक स्वतः तिथेच राहतात, नीट सांगतात.

खर्च माणशी नसतो, सदनिकेचा असतो. जाहिरातीत दिसतो त्या भाड्यावर शेवटच्या सफाईचे पैसे येतात, चादरी-टॉवेल आणले नाहीत तर त्याचे वेगळे, आणि किनाऱ्यावरच्या गावांत पाहुणेकर लागतो. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम दर रात्रीला फार महाग पडतो, आठवडाभराचा परवडतो. उन्हाळ्याच्या शाळेच्या सुट्टीत बहुतेक जण शनिवार ते शनिवारच देतात. ऑक्टोबरात शरद सुट्टीचे दोन आठवडे सोडले तर बरंच सोपं.

दूरचा_दिवा | सोमवार, सकाळी ७:५०

मनापासून विचारतो, राग मानू नका. ओर्डिंगला पुळणीपासून चार पावलांवर नव्या सदनिका मिळतात. मोठ्या खिडक्या, बाल्कनी, लिफ्ट. जुन्या घरात खिडक्या छोट्या, अंधार, बुटकी दारं. त्यासाठी समुद्रापासून लांब का राहायचं?

खारावारा | सोमवार, दुपारी १:१५

राग कसला. समुद्रात डुंबणं हेच मुख्य असेल तर ओर्डिंगच बरं, मीही तेच सुचवेन. पण या भागात समुद्र कळतो तो पुळणीवरून कमी आणि बांधाच्या आतून जास्त. हाउबार्ग वार्फ्टवर असतो, म्हणजे हातांनी रचलेल्या मातीच्या उंचवट्यावर. भोवती पाण्याचा चर, त्याला ग्राफ्ट म्हणतात. खिडकीतून मैलभर कुरण दिसतं आणि त्याच्या शेवटी हिरवी सरळ रेघ. ती रेघ म्हणजे बांध, समुद्र तिच्या पलीकडे. रात्री वारा त्या बाजूनं यायला लागला की आपण कुठे झोपलो आहोत ते अंगावर येतं. ओर्डिंगच्या बाल्कनीतून हे दिसणार नाही.

खिडक्या छोट्या असण्याचं कारण मात्र सांगते. यातली बरीच घरं वारसा-संरक्षणाखाली आहेत. खिडकी मोठी करायची, छपरात नवा झरोका काढायचा, तर मालकाला वारसा खात्याची परवानगी लागते, आणि ती सहज मिळत नाही. त्यांच्या हातातही ते नाही.

सुतारपक्षी | सोमवार, रात्री ८:३०

धागा वाचून राहवलं नाही. मी लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, उत्तर जर्मनीतच, आणि तीन हाउबार्गांच्या छपराखाली प्रत्यक्ष काम केलेलं आहे. सांगाड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

खारावारा यांनी म्हटलंय तसं हे घर दोन भागांचं आहे. एक सांगाडा, दुसरं त्याभोवतीचं कवच. खांब उभे करून त्यांना वर आडव्या तुळयांनी जोडतात, कोपऱ्यांत तिरके आधार देतात, मग त्यावर वासे. आधी हे सगळं उभं करून छप्पर शाकारतात, भिंती नंतर. म्हणजे भिंती नसतानाही हे घर उभं असतं. पुराच्या वेळी ते उभं राहायचं कारण तेच. ही कल्पना १६व्या-१७व्या शतकांत नेदरलँड्समधून आलेल्या लोकांबरोबर इथे आली. बांध घालण्यात आणि चीज करण्यात ती माणसं वाकबगार होती. ट्योनिंगच्या बंदरातून त्या काळी आयडरश्टेटचं चीज बाहेर जायचं, त्या पैशावर ही घरं उठली. आयडरश्टेटमध्ये एवढं मोठं लाकूड उगवत नाही, ते सगळं बाहेरून, पाण्याच्या वाटेनं यायचं. म्हणजे बंदर नसतं तर हाउबार्गही नसता.

सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा जुळवतात. प्रत्येक जोड घासून बसवला की दोन्ही लाकडांवर पटाशीनं तीच खूण कोरतात, मग सगळं सुटं करून जागेवर नेतात. खुणा रोमन आकड्यांसारख्या असतात, उभ्या रेघा आणि फुल्या. नऊ आणि चार सुतार वजाबाकीनं लिहीत नाहीत, नुसत्या रेघा वाढवत जातात, कारण लाकूड उलटं पडलं तर घोटाळा नको. तुम्ही अशा घरात राहायला गेलात तर खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे नीट बघा. तिरका उजेड टाकला की खुणा उठून दिसतात. चार शतकांपूर्वीच्या सुताराचा हात तिथे असतो. मला दर वेळी छातीत काहीतरी होतं.

आता छप्पर. ते रेटचं, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या बोरूच्या काड्यांचं. जुड्या खालून वर रचत जायच्या, वळचणीपासून आढ्यापर्यंत, आणि आवळून बांधायच्या. जाडी साधारण हातभर. पाणी आत मुरत नाही, कारण उतार उभा असतो आणि थेंब काडीवरून काडीवर घसरत खाली जातो. उतार ४५ अंशांपेक्षा कमी झाला की ते छप्पर लवकर कुजतं. नीट शाकारलेलं छप्पर ३० ते ५० वर्षं जातं. उत्तरेकडची बाजू आधी शेवाळते, म्हणून तिकडचं काम आधी निघतं. एका हाउबार्गचं पाखं एवढं प्रचंड असतं की ते पूर्ण बदलणं म्हणजे मालकाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च. या कामाला जर्मनीनं २०१४ साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं आहे.

आणि आग. पाहुण्यांना नियम जाचक वाटतात, पण ते पाळाच. आत-बाहेर मेणबत्ती नाही, वळचणीखाली सिगारेट नाही, कोळशाची शेगडी मालक दाखवेल तिथेच. आगीचा विशेष धोका असलेल्या इमारतींच्या लगत फटाके उडवायला जर्मनीत कायद्यानंच मनाई आहे, आणि बोरूच्या छपराची घरं त्यातच मोडतात. एक ठिणगी पडली तर वाचवायला अर्धा तासही मिळत नाही.

खारावारा | सोमवार, रात्री ९:०५

सुतारपक्षी दादा, खुणांचं आधी माहीत असतं तर! आम्ही आठ दिवस त्या खांबांशेजारी होतो आणि एकदाही तसं बघितलं नाही. लेक आत्ताच विचारते आहे, परत कधी जायचं.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी १०:२०

माझा अनुभव वेगळा आहे, तो लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाची निराशा होणार नाही. दोन वर्षांपूर्वी ‘ऐतिहासिक हाउबार्गमध्ये राहा’ अशी जाहिरात बघून एका संकेतस्थळावरून पैसे भरले. छायाचित्रं छपराची आणि एका जुन्या खांबाची. तिथे गेलो तर घर नवं, फार तर पंधरा वर्षांचं. आकार हाउबार्गचा, छप्पर बोरूचं, आत काँक्रीट आणि पार्टिशनच्या भिंती. छायाचित्रातला खांब आवाराच्या दारात शोभेला उभा केलेला. विचारलं तर म्हणाले, शैली हाउबार्गचीच आहे. बाबांना मी दोन महिने जुन्या घराबद्दल सांगत होतो. ते काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी आधी तीन गोष्टी विचारतो. घर वारसा-यादीत नोंदलेलं आहे का, फीरकांट अजून शाबूत आहे का, आणि पाहुण्यांना तो आतून बघता येतो का. खरा मालक या प्रश्नांनी खूश होतो, पत्रच्या पत्र लिहून उत्तर देतो. गेल्या वर्षी असंच एक उत्तर आलं आणि तिथे गेलो. तो मुक्काम खारावारा यांच्या वर्णनासारखाच झाला.

दूरचा_दिवा | मंगळवार, सकाळी ११:००

हे फार उपयोगी लिहिलंत. माझा प्रश्नही मागे घेतो. सुतारपक्षी यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, आता तिलाच तिथे जायचं आहे. आसपास काय बघावं तेही कुणीतरी लिहा.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:४०

मी हूझुममध्ये सहा वर्षं राहते, त्यामुळे हे माझ्याकडे.

पहिलं ट्योनिंग. छोटं बंदर आहे, पाऊण तासात फिरून होईल, पण दोनदा जा: एकदा भरतीला, एकदा ओहोटीला. भरतीला नावा धक्क्याच्या उंचीवर डुलत असतात. ओहोटीला त्याच नावा खाली गाळात टेकलेल्या दिसतात. या किनाऱ्यावर दोन्हींत तीन मीटरच्या आसपास फरक पडतो. धक्क्यावरची लांबलचक विटांची इमारत म्हणजे १७८३ चं पॅकहाउस, मालाचं गोदाम. पुढच्याच वर्षी, १७८४ साली, कीलपासून आयडरपर्यंतचा कालवा सुरू झाला आणि बाल्टिकमधून उत्तर समुद्रात जायची वाट या बंदरावरून जाऊ लागली. मग १८०३ नंतर इंग्रजांनी एल्बेचं मुख अडवलं तेव्हा हांबुर्गचा माल ट्योनिंगला उतरू लागला आणि तिथून गाड्यांनी पुढे जाऊ लागला. काही वर्षं या एवढ्याशा गावात जगभरची जहाजं होती. पुढे १८९५ साली नवा मोठा कालवा झाला आणि जुन्याची गरज संपली. डिसेंबरात पॅकहाउसच्या खिडक्या नाताळापर्यंत रोज एकेक करून उजळतात. मुलांना घेऊन जा.

ट्योनिंगलाच मुल्टीमार वाटफोरुम आहे, १९९९ पासून. भरती-ओहोटीच्या चिखलात काय काय जगतं ते तिथे दिसतं, आणि एका प्रचंड स्पर्म व्हेलचा सांगाडाही आहे. पावसाचा दिवस तिथे काढा. तिथून पश्चिमेला आयडरश्पेरवेर्क, नदीच्या मुखावरचा अडसर. १९६२ च्या पुरानंतर तो बांधायचं ठरलं, १९७३ साली सुरू झाला. वादळात दारं लावून घेतात आणि समुद्र नदीत शिरत नाही. हाउबार्गमधून निघून थेट तिथे गेलं की एकाच भीतीला माणसांनी दिलेली दोन उत्तरं एका दिवसात बघितली जातात, एक लाकडाचं, एक पोलादाचं.

विट्झवोर्टजवळ रोटर हाउबार्ग आहे, १७व्या शतकातला. रोटर म्हणजे लाल, भिंती मात्र पांढऱ्या. ज्यांना राहायला जमणार नाही त्यांनी निदान हा बघावा. आत रेस्तराँ आहे आणि जुन्या अवजारांचं छोटं संग्रहालय. त्याची दंतकथा इथे पोराटोरांना पाठ असते. एका गरीब तरुणाला श्रीमंताची मुलगी हवी होती. त्यानं सैतानाशी करार केला: कोंबडा आरवायच्या आत एका रात्रीत शंभर खिडक्यांचं घर बांधून दे, माझा आत्मा घे. नव्व्याण्णव खिडक्या झाल्या आणि मुलाच्या आईनं जाऊन कोंबड्याला जागं केलं. शंभरावी राहिली ती राहिलीच.

पाणकोंबडी, तुम्ही ऑक्टोबरात जाताय तर कलहंस नक्की बघाल. पांढऱ्या गालांचे, रशियाच्या आर्क्टिक भागातून हजारोंनी येतात आणि या कुरणांवर उतरतात. आईंना कुठे जायला नको, दारात खुर्ची टाकून बसलं तरी दिसतील. गाडी नसेल तर हूझुमहून सांक्ट पेटर-ओर्डिंगला जाणारी रेल्वे ट्योनिंग आणि गार्डिंगवरून जाते, डॉइचलांड-तिकीट (देशभर चालणारा मासिक पास) चालतं. पुढे घरापर्यंत मात्र टॅक्सी किंवा मालकाला विनंती.

ओहोटी | मंगळवार, सायंकाळी ६:१५

रानजाईंनी सगळं लिहिलंय, एकच भर घालतो, कारण ती जिवाशी गाठ आहे. ओहोटीला समुद्र मागे सरकतो आणि मैलोन्मैल ओला तळ उघडा पडतो, त्याला जर्मनमध्ये ‘वाट’ (Watt) म्हणतात. २००९ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. त्यावर चालायला अतिशय सुंदर, पण अधिकृत वाटाड्याशिवाय आत जाऊ नका. पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या खोलगट ओढ्यांत भरतं, आणि परतीची वाट बंद होते. धुकं पाच मिनिटांत उतरतं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा कालच्या वेळेवर आज विसंबू नका. घरात भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक भिंतीला लावलेलं असतंच.

आणि बांधावरून चालताना फाटक मागे लावून घ्या. मेंढ्या तिथे शोभेला सोडलेल्या नाहीत. त्या गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबतात, त्यानं बांध घट्ट राहतो.

माळावरची_बाभळ | बुधवार, सकाळी ९:३०

सगळं वाचलं. एक खटकतं ते मांडते. ही घरं शेतकऱ्यांची होती. आता गोठ्यात आपण झोपतो, खळ्यात गाड्या लावतो, आणि जुनं घर बघितल्याचं समाधान घेऊन परततो. शेती करणारं कुटुंब तिथून गेलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हे जतन म्हणायचं का?

सुतारपक्षी | बुधवार, रात्री ९:१०

तुमचा प्रश्न मला कामावर रोज पडतो, म्हणून उत्तर देतो. शेती गेली ती पाहुण्यांमुळे नाही. १९व्या शतकात इथले शेतकरी धान्य आणि दूध सोडून गुरं चरवून पुष्ट करण्याकडे वळले, कारण ट्योनिंगहून ती गुरं जहाजानं इंग्लंडला जाऊ लागली होती. गुरं कुरणावर, मग एवढं गवत साठवायचं कशाला? मधला फीरकांट रिकामा पडला. छपराचा खर्च तेवढाच राहिला. एके काळी आयडरश्टेटमध्ये हाउबार्ग शेकड्यांनी होते, आज मोजकेच उरले आहेत. बाकीचे जळाले, पडले किंवा पाडले.

मी काम केलेल्या तीनपैकी एका घरात अजून मेंढ्या आहेत आणि दोन सदनिका पाहुण्यांना देतात. मालक म्हणाला, मेंढ्या घर चालवतात, पाहुणे छप्पर चालवतात. इथे एक जुनी म्हण आहे, जो बांध घालणार नाही त्यानं जागा सोडावी. पूर्वी ज्याला आपल्या वाटणीचा बांध राखणं झेपत नसे तो बांधात फावडं रोवून जमीन सोडून जायचा. जो ते फावडं उपसून घेईल त्याची जमीन, आणि बांधाचं कामही त्याचंच. छपराचंही मला तसंच दिसतं. आज ते फावडं उपसायला कुणीतरी पुढे येतंय, त्यांना आपण भाडं देतो.

माळावरची_बाभळ | बुधवार, रात्री ९:५०

पटलं, सगळं नाही, पण पुष्कळसं. मेंढ्या असलेल्या घरातच राहायचं असं मी माझ्यापुरतं ठरवते.

खारावारा | बुधवार, रात्री १०:०५

बाभळताई, आमच्या मालकीणबाईंकडेही मेंढ्या आहेत. सकाळी साडेसहाला लेक त्यांच्याबरोबर बांधावर जायची, गमबूट घालून. तिनं एकाही दिवशी मोबाइल मागितला नाही.

पाणकोंबडी | शनिवार, रात्री ८:२० (तीन आठवड्यांनी)

ताई, दादा, आम्ही हाउबार्गमध्येच आहोत! आज पाचवा दिवस. खारावारा ताईंनी सांगितल्याप्रमाणे फोन करून उंबरे विचारले. मालकांनी आम्ही यायच्या आत दोन उंबऱ्यांना लाकडी उतार करून ठेवला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. कलहंस रोज संध्याकाळी घरावरून जातात, आवाज इतका की आतून ऐकू येतो.

परवा रात्री वारा फार होता. खांब करकरत होते, मला झोप लागेना. सकाळी मालकांना विचारलं तर म्हणाले, करकरतोय तोवर चांगला, सांधे अजून हलतात म्हणून मोडत नाही.

सुतारपक्षी दादा, खुणा शोधल्या. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खांबावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक फुली आणि तिच्यापुढे चार उभ्या रेघा आहेत. ही तीच ना?

सुतारपक्षी | शनिवार, रात्री ८:४५

तीच. चौदा. फुली म्हणजे दहा, पुढे चार रेघा. त्या खांबात बसणाऱ्या तिरक्या आधारावर हीच खूण असायला हवी. खालच्या टोकाला बघा, विजेरी बाजूनं धरा.

पाणकोंबडी | शनिवार, रात्री ९:३०

सापडली. मी वर वर बघत होते. आई खांबाशेजारच्या बाकावर बसली होती, तिच्या हाताला लागली. डोळे मिटून बोटांनी रेघा मोजल्या तिनं आणि म्हणाली, चौदा.